कोकणातल्या दमट हवेतला सागवानी पलंग: सहा पावसाळ्यांनंतरचे परीक्षण

रत्नागिरीत समुद्रापासून जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर असलेल्या आमच्या घरात गेल्या नऊ वर्षांत तीन पलंग आले. पहिला दोन पावसाळ्यांत निकामी झाला, दुसरा खुरांपासून गंजत गेला, आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये एका स्थानिक सुताराकडून सागात करून घेतलेला तिसरा पलंग सहा पावसाळे काढून आजही न डुगडुगता उभा आहे. हे परीक्षण मुख्यतः त्या तिसऱ्या पलंगाचे आहे. पहिल्या दोघांविषयी आधी लिहितो, कारण त्यांची दुर्दशा जवळून पाहिली नसती, तर सुतारापुढे कोणते प्रश्न ठेवायचे हे मला कळलेच नसते.

पहिला पलंग ऑनलाइन मागवला होता. वर्णनात ‘इंजिनीअर्ड वूड’ असे भारदस्त नाव होते. प्रत्यक्षात तो लॅमिनेट चिकटवलेल्या पार्टिकल बोर्डाचा, म्हणजे लाकडाचा चुरा रेझिनमध्ये दाबून केलेल्या फळ्यांचा होता. लॅमिनेट फळीच्या दोन्ही पृष्ठभागांचे रक्षण बऱ्यापैकी करते, परंतु फळीच्या कडा, स्क्रूची भोके आणि जमिनीला टेकलेला खालचा काठ या जागा उघड्या राहतात आणि ओल नेमकी तिथूनच आत शिरते. बोर्ड एकदा फुगला की वाळल्यावरही मूळ जाडीवर येत नाही, आणि चुऱ्याची पकड सुटल्यामुळे त्यात बसलेला स्क्रू नुसता जागच्या जागी फिरू लागतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या गावात, जिथे जुलैमध्ये पाऊस थांबला तरी लादीला घाम फुटतो आणि दोरीवरचे कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत, तिथे अशा बोर्डाचा टिकाव लागणे कठीणच होते. दुसऱ्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये बाजूची फळी खुराला जोडणारी पट्टी मूठभर भुशासकट बाहेर आली. विक्रेत्याने छायाचित्रे पाहून ‘पाण्याने झालेले नुकसान हमीत बसत नाही’ असे कळवले. पलंगावर कोणी पाणी ओतले नव्हते, पण हवेतल्या पाण्याचा हिशेब हमीपत्रात नसतो, हे त्या निमित्ताने समजले.

त्यानंतर लाकूड नकोच असे ठरवून चौकोनी पाइपांचा, काळ्या पावडर कोटिंगचा लोखंडी पलंग घेतला. त्याची चौकट आजही सरळ आहे आणि बाहेरच्या खोलीत पाहुण्यांसाठी तो चालतो. मात्र त्याचे चारही खूर जमिनीपासून वीतभर उंचीपर्यंत आतून खाल्ले गेले आहेत. पावडर कोटिंग पाइपच्या बाहेरच बसते, आतले लोखंड उघडेच राहते. पाइपच्या टोकाला बसवलेल्या रबरी बुटात लादी पुसताना पाणी शिरते आणि बाहेर पडायला वाट नसल्याने ते तिथेच साचते. आमच्याकडे त्यात समुद्रावरून येणारा खारा वारा मिसळतो. बाहेरून रंग शाबूत दिसत असताना पहिला फोड आला तो बुटाच्या वरच्या काठाशी, आणि नखाने खरवडला तेव्हा आतला पत्रा पापुद्र्यासारखा सुटला. लोखंडी पलंगच घ्यायचा असेल, तर पाइपची जाडी किमान १.६ मिलिमीटर म्हणजे १६ गेज असावी, पाइप जस्ताचा मुलामा दिलेला असावा, आणि जिथे वेल्डिंगने तो मुलामा जळतो तिथे जस्तयुक्त प्रायमर लावून घ्यावा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे खुराचे खालचे टोक पत्र्याची टिकली वेल्ड करून पूर्ण बंद करून घ्यावे. स्टेनलेस स्टीलचे पलंगही दुकानांत मिळतात, पण स्वस्त माल बहुधा २०२ प्रतीचा असतो. त्यात निकेल कमी असल्याने किनाऱ्यावर त्यावर तांबूस ठिपके लवकर उमटतात. ३०४ प्रत घराच्या आत पुरेशी ठरते. दुकानदार चुंबक लावून दाखवतो त्याने या दोन प्रतींमधला फरक मुळीच कळत नाही, कारण दोन्हींना चुंबक सहसा धरत नाही. तेव्हा बिलावर प्रत लिहून घेणे हाच उपाय.

आता तिसऱ्या पलंगाकडे वळतो. माप ६० बाय ७८ इंच, खूर तीन इंच चौरस, जमिनीपासून चौकटीच्या खालच्या काठापर्यंत दहा इंच मोकळी जागा, मध्यभागी एक आधाराची तुळई आणि तिच्याखाली पाचवा खूर, वर दोन-दोन इंच अंतर सोडून बसवलेल्या आडव्या पट्ट्या, आणि डोक्याकडे फळ्यांचा टेका. साडेपाच घनफूट माल लागला आणि मजुरी व पॉलिशसह त्या वेळी एकोणतीस हजार रुपये झाले. पहिल्या पलंगाच्या दुपटीहून ही रक्कम जास्त होती, हे मान्य करतो.

लाकूड निवडताना सुताराने पहिल्यांदा रंगाकडे पाहायला शिकवले. साग टिकतो असे आपण सरसकट म्हणतो, पण वाळवी आणि बुरशी यांना दाद न देणारा असतो तो केवळ गाभ्याचा, सोनेरी-तपकिरी, किंचित तेलकट लागणारा भाग. सालीलगतचा फिकट पांढरट भाग सागाचा असला तरी पोखरणाऱ्या किड्यांना तितकाच प्रिय असतो. लवकर तोडलेल्या लागवडीच्या झाडांत हा पांढरा भाग अधिक निघतो. वखारीत विदर्भाकडून येणारा ‘सीपी’ (जुन्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेसच्या नावावरून) साग, कर्नाटकातला दांडेलीचा साग आणि आफ्रिकेतून येणारा आयात साग असे भाव वेगवेगळे सांगितले जातात. आमच्या सुताराचे मत असे, की गावाच्या नावाला जादा पैसे देण्याऐवजी पांढरे काढून टाकलेला माल घेण्यावर ते खर्च करावेत. मला हे पटले. आमच्या पलंगाच्या एका आडव्या पट्टीला बोटभर पांढरी कड राहून गेली होती आणि तिसऱ्या वर्षी पीठासारखा भुगा पडला तो फक्त त्याच पट्टीखाली. ती पट्टी बदलून टाकली. शेजारच्या पट्ट्यांना काहीही झाले नाही.

याच्याही पुढची गोष्ट लाकडातल्या पाण्याची. लाकूड कितीही जुने झाले तरी हवेतली ओल घेत आणि सोडत राहते. हवेची आर्द्रता साठ टक्क्यांच्या आसपास असेल तर लाकडातले पाणी सुमारे ११ टक्क्यांवर स्थिरावते, आणि भर पावसात तीच आर्द्रता ८५ टक्क्यांवर राहिली तर ते १७-१८ टक्क्यांकडे सरकते. या फरकाने सागाची सहा इंच रुंदीची फळी दीड-दोन मिलिमीटर रुंद होऊ शकते. लांबीत मात्र नजरेत भरेल असा बदल होत नाही. कोकणात पावसाळ्यात दारे का अडकतात याचे हेच कारण. दूरच्या कोरड्या हवेत, उदाहरणार्थ जोधपूरला, जोडलेले उत्तम शिसमी फर्निचर आमच्याकडे आल्यावर पहिल्याच पावसाळ्यात फुगून कुरकुरू लागते, ते लाकूड वाईट असते म्हणून नव्हे. त्याला वाढायला जागा ठेवलेली नसते. आमच्या सुताराने टेक्याच्या फळ्या चौकटीत सरसाने चिकटवायला सरळ नकार दिला. त्याने चौकटीला आतून खोबण काढून फळ्या त्यात सुट्या सरकवल्या, दोन फळ्यांमध्ये पत्त्याच्या जाडीएवढी फट सोडली, आणि ‘जुलैत बघा, फट दिसणार नाही’ एवढेच सांगितले. जुलैत ती खरोखर दिसेनाशी होते आणि मार्चमध्ये पुन्हा दिसते. सहा वर्षांत एकाही फळीला चीर गेलेली नाही.

जोडांबाबतही त्याचा आग्रह असाच ठाम होता. टेका आणि डोक्याकडचे खूर, तसेच पायथ्याची आडवी फळी आणि तिचे खूर, हे कायमचे जोड खोबणीत कुसू, म्हणजे लाकडाच्या टोकाला काढलेली जीभ, बसवून, पाचर मारून केले आहेत. पलंग दारातून बाहेर काढता यावा म्हणून बाजूच्या दोन लांब फळ्या मात्र नटबोल्टने जोडल्या आहेत. बोल्ट स्टेनलेस स्टीलचे वापरावेत हे मी सांगितले, आणि खर्च चारशे रुपयांनी वाढला तरी ही माझी सूचना योग्यच ठरली. कारण गेल्या वर्षी खोली रंगवताना पलंग सुटा केला तेव्हा चारही बोल्ट हाताने फिरले. आडव्या पट्ट्यांना मात्र सुताराने आपल्या पेटीतले काळे स्क्रू वापरले होते, आणि त्यांची डोकी दुसऱ्या पावसाळ्यातच गंजून लाकडावर काळे ओघळ उतरले. ते सगळे काढून पितळी स्क्रू बसवावे लागले. ही या कामातली खरी चूक होती.

खुरांची खालची टोके हा माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे. लाकडाच्या शिरा उभ्या जातात, त्यामुळे खुराचे तळाचे टोक म्हणजे जणू शेकडो बारीक नळ्यांची उघडी तोंडे असतात आणि लादीवरचे पाणी त्यांतून वर खेचले जाते. दुकानातला पलंग उलटा करून पाहिला तर बहुतेक वेळा चारही खूर वरून चकचकीत आणि तळाशी कोरे आढळतात. आमच्या खुरांची टोके सुताराने उकळत्या नव्हे, पण चांगल्या गरम जवसाच्या तेलात दोन दिवस थोड्या थोड्या वेळाने भिजवली, वाळू दिली आणि मग त्यावर पॉलिशचे तीन हात दिले. काजूच्या टरफलांचे तेल लावण्याचाही पर्याय होता. वाळवीला ते उत्तम रोखते आणि इथे वासे-होड्यांना लावण्याची पद्धत आहेच. पण ते कातडीला भाजते व रंग काळा पडतो, म्हणून झोपायच्या खोलीत आम्ही ते टाळले. रबरी बूट लावले नाहीत. त्याऐवजी प्रत्येक खुराखाली, खुरापेक्षा किंचित लहान अशी आठ मिलिमीटर जाडीची नायलॉनची चकती पितळी स्क्रूने बसवली आहे, त्यामुळे लाकूड ओल्या लादीपासून वर राहते आणि पाणी साचायला कप्पाच उरत नाही. लहानपणी आजीच्या घरी जाळीच्या कपाटाचे पाय मुंग्यांसाठी पाण्याच्या वाट्यांत उभे असत, आणि त्या वाट्यांतले लाकूड तळाकडून मऊ पडत गेल्याचे मला अजून आठवते. मधल्या पाचव्या खुराला चकतीऐवजी फिरवून उंची बदलता येणारा बोल्ट आहे, कारण आमची लादी एका बाजूला उतरती आहे.

उघडे खूर ठेवावेत की खाली सामानासाठी बंद पेटी करावी, यावर घरात बराच वाद झाला होता. पेटीचा मोह मोठा असतो, हे खरे. तरीही आमच्या हवेत पेटी नको असे माझे स्पष्ट मत आहे. गादीच्या खालून हवा न खेळल्याने पेटीतल्या चादरींना आणि गादीच्या तळाला कुबट वास येतो, आणि वाळवी जमिनीतून मातीची बारीक नळी बांधत वर चढते तेव्हा पेटीआड ती महिनोन्महिने दिसत नाही. दहा इंच उंच, चारी बाजूंनी दिसणाऱ्या खुरावर ती नळी केर काढतानाच नजरेस पडते. ज्यांना जागेअभावी पेटी करावीच लागेल त्यांनी प्लायवूडवर आयएसआय चिन्हासोबत ‘आयएस ७१०’ हा मरीन प्लायचा क्रमांक छापलेला आहे का ते पाहावे, एमआर (मॉइश्चर रेझिस्टंट, म्हणजे फक्त थोडी ओल सोसणाऱ्या) प्रतीचा प्लाय घेऊ नये, कापलेली प्रत्येक कड बंद करून घ्यावी आणि पेटीचा तळ लादीपासून निदान तीन-चार इंच वर ठेवून बाजूंना हवेची भोके ठेवावीत.

आता उणिवा. पलंग अतिशय जड आहे आणि तो एकट्याने सरकत नाही. जांभ्याच्या भिंतीला टेका चिकटवून ठेवल्यामुळे पहिल्या पावसाळ्यात त्याच्या पाठीवर पांढरी बुरशी आली. पाठीला पॉलिशचा एकच हात दिलेला होता, आणि भिंतीही ओल सोडतात हे आम्ही विसरलो होतो. पाठ साफ करून पॉलिश करवले आणि पलंग भिंतीपासून चार इंच पुढे ओढला, त्यानंतर बुरशी आलेली नाही. ठरल्या दिवसापेक्षा पलंग सात आठवडे उशिरा मिळाला. दर वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस बोल्ट एकदा आवळावे लागतात, पण त्याला पाच मिनिटेही लागत नाहीत.

आईसाठी आता त्याच सुताराकडे एकेरी पलंग सांगितला आहे. तिचे गुडघे दुखतात, म्हणून गादीसकट उंची एकोणीस इंच ठेवायची आहे. लाकूड या वेळी फणसाचे ठरले. गावातल्या पडलेल्या झाडाच्या फळ्या दोन वर्षांपासून माळ्यावर वाळत आहेत आणि त्यांचा गाभा छान हळदी रंगाचा निघाला आहे. पाठीमागच्या बाजूलाही पॉलिशचे तीन हात, सगळे स्क्रू पितळी आणि खुरांखाली चकत्या, असे कागदावर लिहून दिले आहे. पलंग श्रावणातच हवा होता, पण सुतार ऐकत नाही: दमट हवेत लाखेचे पॉलिश पांढुरके पडते, म्हणून पॉलिशचा हात दिवाळीनंतरच लागेल, असे त्याचे म्हणणे आहे, आणि तोवर आई लोखंडी पलंगावर झोपणार आहे.