धूळ मोजायचं मीटर: पाच महिने वापरून

वणीकडच्या कोळशाच्या रस्त्याला आमचं गाव लागून आहे. रस्त्याकाठच्या घरांत उन्हाळ्यात वाळवण घालता येत नाही. सकाळी टाकलेल्या पांढऱ्या कुरडया सांजेपर्यंत करड्या होतात. उपसरपंच झाल्यावर मी धुळीबद्दल चार अर्ज केले. दर वेळी एकच प्रश्न यायचा, "किती धूळ आहे, ताई?" शेवटी दिवाळीनंतर घरच्या पैशाने 6,800 रुपयांचं हे मीटर ऑनलाइन मागवलं.

पीएम 2.5 आणि पीएम 10 असे दोन आकडे ते दाखवतं. पीएम म्हणजे हवेत तरंगणारे कण: 2.5 म्हणजे अगदी बारीक, 10 मध्ये त्याहून थोडे मोठेही येतात. आतला पंखा हवा ओढतो आणि लेझरच्या उजेडात कण किती चमकतात त्यावरून आकडा निघतो. एका चार्जिंगमध्ये पाच तास चालतं. भर उन्हात मात्र पडदा दिसत नाही, पदराचा आडोसा करून वाचावं लागतं. सोबतचं माहितीपत्रक नुसतं इंग्रजीत आहे.

मोठी उणीव डिसेंबरात कळली. दाट धुक्याच्या एका पहाटे रस्त्यावर एकही गाडी नव्हती, तरी पीएम 10 चा आकडा 340. ओलाव्याने कण फुगतात, धुक्याचे थेंबही उजेडात चमकतात, आणि मीटर तेही धुळीतच मोजतं. तेव्हापासून सकाळी 9 च्या आधीचे आकडे मी वहीत वेगळ्या पानावर लिहिते.

आकडा वाचायचा कसा, हेही शिकावं लागलं. 2009 च्या राष्ट्रीय मानकांप्रमाणे 24 तासांची सरासरी पीएम 10 साठी 100 आणि पीएम 2.5 साठी 60 मायक्रोग्रॅम प्रति घनमीटरच्या आत हवी. ताडपत्री नसलेला ट्रक गेला की मीटर 600 दाखवतं आणि पाच मिनिटांत खाली येतं. तेवढ्यावरून "सहापट प्रदूषण" म्हणणं चूक आहे. म्हणून बचत गटाच्या बायांनी पाळ्या लावल्या आणि एकवीस दिवस दर तासाला आकडा, वेळ आणि किती ट्रक गेले ते लिहिलं.

पुराव्याचा कागद म्हणून या मीटरच्या आकड्यांची किंमत थोडी आहे, घेणाऱ्याने हे आधीच समजून घ्यावं. 1981 च्या हवा कायद्यात नमुना घ्यायची रीत ठरलेली आहे. कारखान्याच्या चिमणीचा नमुना कलम 26 प्रमाणे घेतला नसेल तर त्याचा अहवाल कोर्टात पुरावा होत नाही. पण त्याच कायद्याच्या कलम 43 प्रमाणे कोणीही नागरिक प्रदूषण नियंत्रण मंडळाला साठ दिवसांची नोटीस देऊन तक्रार कोर्टात नेऊ शकतो. वहीच्या झेरॉक्सला तो उल्लेख असलेलं पत्र जोडलं, तेव्हा मंडळाची माणसं तपासणीला आली. फिल्टर कागद आधी आणि नंतर तोलायचं त्यांचं यंत्र 24 तास शाळेच्या गच्चीवर चाललं. कोणत्या तासाला जास्त ट्रक येतात, ते त्यांनी आमच्या वहीतूनच उतरवून घेतलं. चंद्रपूर शहर राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात आहे, त्याला आराखडा आहे. आमच्यासारख्या खेड्याला हवेचा हिशोब असा स्वतःच मांडावा लागतो.

26 जानेवारीच्या ग्रामसभेत वही वाचून दाखवली. तेव्हा एक म्हातारे उठून म्हणाले, "गाड्यायचं मोजता बाई, तं आमच्या वावरातलंबी मोजा ना." मला ते लागलं, पण बरोबर होतं. फेब्रुवारीत धुऱ्यावर पराटी, म्हणजे कापूस वेचल्यावर उरलेली वाळकी झाडं, पेटली त्या तीन संध्याकाळी मोजलं. पीएम 2.5 रात्री दहापर्यंत 200 च्या वर राहिलं, ट्रकच्या रस्त्यापेक्षाही जास्त. आता ताडपत्री आणि पाण्याच्या टँकरची मागणी, आणि पराटी बारीक करायचं यंत्र भाड्याने आणणं, हे दोन्ही एकाच ठरावात आहे. दुसऱ्या भागाला अजून विरोध आहे, आणि मजुरीचा भाव पाहता तो मला समजतो.

मार्चमध्ये मीटरचा पंखा अडकला. "धुळीत वापरलं" म्हणून विकणाऱ्याने वॉरंटी नाकारली, त्याचा मला अजून राग आहे. वणीतल्या मोबाइल दुरुस्तीवाल्याने 150 रुपयांत तो साफ करून दिला. ग्रामपंचायतीने घ्यावं का, तर घ्यावं, पण सोबत दोनशे पानी वही आणि पाळी करणारी माणसं आधी ठरवावी. सध्या मीटर आशाताईंकडे आहे. चूल पेटते त्या घरांत स्वयंपाकाच्या वेळी त्या मोजून राहिल्या आहेत.