मनःस्वास्थ्यासाठी पूरके : जीवनसत्त्वे, ओमेगा-३ की सेंट जॉन्स वर्ट?

पूरक निवडताना बाटलीवरील दाव्यांपेक्षा आपली गरज आधी तपासावी. शरीरातील कमतरता भरून काढायची आहे, चालू उपचाराला जोड हवी आहे, की औषधाऐवजी दुसरे काही हवे आहे, यावर सारी निवड ठरते.

कमतरतेची शंका असल्यास ब-१२ आणि ड जीवनसत्त्वांचा विचार सर्वांत सरळ आहे, कारण त्यांचा निर्णय रक्ततपासणीवर घेता येतो. ब-१२ कमी पडल्यास थकवा, विस्मरण आणि खिन्नता जाणवू शकते. निव्वळ शाकाहारी व्यक्तींना आणि दीर्घकाळ मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे औषध घेणाऱ्यांना हा धोका अधिक असतो. मात्र ब-१२ न तपासता केवळ फॉलिक ॲसिड घेऊ नये, कारण त्याने रक्तक्षय सुधारलेला दिसतो आणि मज्जातंतूंची हानी आतल्या आत चालू राहते. कमतरता नसताना ड जीवनसत्त्वाकडून फारशी अपेक्षा ठेवण्यास आधार नाही : ५० वर्षांवरील १८ हजारांहून अधिक व्यक्तींना सुमारे पाच वर्षे रोज २,००० आययू (मात्रेचे एकक) ड जीवनसत्त्व किंवा औषध नसलेली निष्क्रिय गोळी देऊन केलेल्या, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत नैराश्याला प्रतिबंध झाल्याचे दिसले नाही.

माशाच्या तेलातील ओमेगा-३ या स्निग्धाम्लांचे स्थान वेगळे आहे. त्याच चाचणीच्या २०२१ सालच्या निष्कर्षांत त्यानेही नैराश्य टळले नाही. परंतु निदान झालेल्या नैराश्यात उपचाराची जोड म्हणून त्याला काही आधार आहे, आणि तोही ज्या गोळीत डीएचएपेक्षा ईपीए (ही ओमेगा-३ची दोन रूपे) जास्त असते तिला. लेबलवर माशाच्या तेलाचे एकूण वजन ठळक असते. पाहायचा असतो तो ईपीएचा आकडा. मोठ्या मात्रेत हृदयाची लय बिघडण्याचा धोका वाढतो, म्हणून हृदयविकार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच ते सुरू करावे.

सर्वाधिक काळजी मात्र सेंट जॉन्स वर्ट या वनस्पतीची वाटते, आणि तेही ते निष्प्रभ आहे म्हणून नव्हे. वैद्यकीय चाचण्यांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २००८ सालच्या आढाव्यात २९ चाचण्यांच्या आधारे ही वनस्पती निष्क्रिय गोळीपेक्षा सरस आणि प्रचलित नैराश्यविरोधी औषधांच्या जवळपास तोडीची ठरली. जे औषधासारखे काम करते ते औषधासारखेच इतर औषधांत ढवळाढवळही करते : यकृतातील औषधे मोडणारी विकरे (एन्झाइम) वाढवून ते गर्भनिरोधक गोळ्या, वॉरफरिन (रक्त पातळ करणारे औषध), सायक्लोस्पोरिन (अवयव प्रत्यारोपणानंतरचे औषध) आणि एचआयव्हीवरील काही औषधे यांचा प्रभाव घटवते, तर एसएसआरआय या नैराश्यविरोधी गटातील गोळ्यांबरोबर घेतल्यास सेरोटोनिनचे धोकादायक आधिक्य होऊ शकते. द्विध्रुवी (बायपोलर) विकारात ते उन्मादाचा झटका आणू शकते. म्हणून जी व्यक्ती अन्य कोणतेही औषध घेत नाही, जिचे नैराश्य सौम्य ते मध्यम आहे आणि जिच्या डॉक्टरांना याची कल्पना आहे, तिनेच त्याचा विचार करावा.

तपासणीत कमतरता आढळल्यास जीवनसत्त्व घ्यावे. उपचार चालू असतील तर डॉक्टरांच्या संमतीने ईपीएप्रधान ओमेगा-३ जोडून पाहावे, पण चालू गोळी स्वतःहून थांबवू नये. आत्महत्येचे विचार येत असतील तर यांपैकी कशाचीही वाट न पाहता त्याच दिवशी वैद्यकीय मदत घ्यावी.