डिस्क प्लेअर पुन्हा घरात आणला, त्याला दहा महिने झाले

गेल्या दसऱ्यानंतरच्या शनिवारी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या बाजारातून, एक जुना ब्लू-रे प्लेअर (डीव्हीडीच्या पुढच्या पिढीच्या डिस्क चालवणारा) उचलला. ३,२०० रुपये, सात दिवसांची ‘टेस्टिंग वॉरंटी’ आणि रिमोट भलत्याच मॉडेलचा. दुकानदाराने रिमोट प्लेअरकडे रोखून दोन बटणं चालवून दाखवली आणि ‘बाकी की जरूरत नहीं पडेगी’ म्हणून सांगून टाकलं. पडली. त्या रिमोटला सेटअपचं बटणच नाही, आणि ब्लू-रे लावली की टीव्हीतून आवाज येईना. डीटीएस नावाच्या पद्धतीने बांधलेला आवाज आमच्या टीव्हीला कळत नाही. प्लेअरच्या सेटिंगमध्ये जाऊन तो ‘पीसीएम’ करावा लागतो, म्हणजे उलगडायचं काम प्लेअर स्वतः करतो. हे समजून नवा रिमोट आणेपर्यंत (३५० रुपये) पहिले तीन दिवस आम्ही मूकपट पाहत होतो.

कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. ते मॉडेल आता नवीन मिळत नाही, आणि या प्रकारातला कुठलाही जुना प्लेअर थोड्याफार फरकाने असाच वागेल. लिहायचंय ते प्लेअरबरोबर घरात काय काय आलं त्याबद्दल.

सुरुवात झाली ती आईच्या एका फर्माईशीने. तिला एक जुना मराठी पिक्चर बघायचा होता. ॲपवर महिन्यापूर्वी होता, वॉचलिस्टमध्ये टाकलेलाही होता. शोधला तर नाही. हक्कांची मुदत संपली की पिक्चर उतरतो, त्यात कुणाचा दोष नाही. पण आई म्हणाली, ‘आपल्या माळ्यावर आहे की तो.’ माळ्यावर खरंच खोका होता. मोझर बेअरने २००७ च्या आसपास व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना काढायला सुरुवात केली, तेव्हापासून पुढची चार-पाच वर्षं दर पगाराला मी पाच-सहा पिक्चर घेऊन यायचो. त्याआधी आमच्यासाठी पिक्चर म्हणजे गल्लीतल्या लायब्ररीतून एका रात्रीपुरता आणलेला. २८ रुपयांत तो कायमचा आपला होतो याचीच मजा इतकी होती, की कित्येक मी उघडलेच नव्हते. खोक्यात ९६ व्हीसीडी आणि ४७ डीव्हीडी निघाल्या. टीव्ही नवा, त्याला लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांची जागाच नाही, आणि जुना प्लेअर केव्हाच भंगारात गेलेला. म्हणून लॅमिंग्टन रोड.

आधी व्हीसीडीचं सांगून टाकतो, कारण त्यावर फार बोलण्यासारखं नाही. ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं चित्र ४३ इंची टीव्हीवर ताणलं की नायिकेचं नाक आणि गाल यांच्यात सीमावाद सुरू होतो. एका डिस्कवर सव्वा तासाच्या आसपास मावतं, त्यामुळे नेमक्या रंगात आलेल्या प्रसंगात उठून दुसरी सीडी घालायची. लेकीला (आठवीत आहे) याचंच सगळ्यात जास्त अप्रूप वाटलं, पिक्चरचं नाही. एक मात्र ध्यानात ठेवा: सगळे ब्लू-रे प्लेअर व्हीसीडी वाचत नाहीत. दुकानात जाताना घरची एक डिस्क खिशात घालून जा आणि तिथेच लावून बघा.

डीव्हीडी मात्र अजूनही बघण्यासारखी दिसते. ओळी ५७६, पण प्लेअर आणि टीव्ही मिळून त्या बऱ्या वाढवून दाखवतात. आपल्याकडच्या बऱ्याच मराठी डीव्हीडींचा त्रास वेगळा आहे. रुंद पडद्याचा पिक्चर जुन्या चौकोनी टीव्हीच्या मापात बसवलेला, त्यामुळे आजच्या टीव्हीवर चारही बाजूंनी काळी चौकट आणि मध्ये पोस्टकार्डाएवढं चित्र. टीव्हीच्या रिमोटवर झूम करायचं. सबटायटल्स तर बहुतेकींवर नाहीतच, म्हणजे शेजारच्या तमिळ काकूंना बोलावून पिक्चर दाखवायचा आपला उत्साह पहिल्या अर्ध्या तासात मावळतो.

आता ज्या गोष्टीत मी सगळ्यात जास्त अडकलो ती. डिसेंबरात ‘संत तुकाराम’ लावला, १९३६ चा, प्रभात फिल्म कंपनीचा. आई आमच्या बिल्डिंगच्या भजनी मंडळात आहे. ‘आधी बीज एकले’ सुरू झालं तशी ती नेहमीप्रमाणे बरोबर म्हणायला लागली आणि दुसऱ्या ओळीला थांबली. म्हणाली, ‘पट्टी चढलीय यांची.’ मी मनात म्हटलं, वयाने आवाज उतरला असेल. ते काही तिला बोललो नाही. पण दुसऱ्या दिवशी फोनवरच्या गाण्याशी ताडून पाहिलं तर आईचंच बरोबर.

कारण असं. फिल्म सेकंदाला २४ फ्रेमने चालते. आपल्याकडचा टीव्ही पाल पद्धतीचा, सेकंदाला २५. पाल डीव्हीडी करताना सरळ मार्ग म्हणजे पिक्चर २५ ने पळवायचा. चार टक्के वेग वाढतो. डोळ्यांना कळत नाही, दोन तासांचा पिक्चर पाचेक मिनिटं आधी संपतो इतकंच. आवाजही तितकाच पळतो आणि स्वर चढतो, पेटीवरच्या एका पट्टीपासून लगतच्या पट्टीपर्यंत जेवढं अंतर असतं त्याच्या जवळजवळ पाऊण. काळी एकला धरलेलं गाणं पांढरी दोनला टेकायला जातं, पण टेकत नाही. म्हणून तर बरोबर म्हणणाऱ्याला ते जास्त टोचतं. काही डिस्कवर स्वर पुन्हा खाली उतरवून दिलेला असतो, या डिस्कवर नव्हता. ब्लू-रेवर हा घोळ टळतो, तिथे २४ फ्रेम तशाच ठेवता येतात.

(जाता जाता: ‘आधी बीज एकले’ हा तुकोबांचा अभंग नाही. शांताराम आठवले यांनी चित्रपटासाठी लिहिलेलं गाणं आहे. हे आईला सांगितलं तेव्हा तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती पट्टी चढल्यापेक्षा वाईट होती.)

तरी ही डिस्क मी काढणार नाही. २००३ च्या जानेवारीत पुण्यात फिल्मच्या गोदामाला आग लागली आणि जुन्या नायट्रेट (चटकन पेट घेणाऱ्या) फिल्म जळाल्या, त्यांत प्रभातच्याही होत्या. मूळ वस्तूच्या नशिबी असलं काही आलेलं असताना आपल्या घरातली कॉपी पाऊण पट्टी वर गाते म्हणून रद्दीत द्यायची, हे मला जमत नाही.

काढायचा प्रश्न यायचं कारण जागा. घर मुलुंड पूर्वेला, ४६० चौरस फूट. पॅसेजमध्ये बाथरूमच्या दारावर सुताराकडून एक फडताळ करून घेतलं, तीन खण, प्रत्येक ७० सेंटीमीटर. डीव्हीडीचा डबा १४ मिलिमीटर जाड, म्हणजे खणात पन्नास, एकूण दीडशे. व्हीसीडी कव्हरांतून काढून पाकिटांत घातल्या आणि परत माळ्यावर. बायकोची अट: दीडशेच्या वर एकही नाही, नवी आली की जुनी गेली पाहिजे. आणि नव्या येतच राहिल्या. ऱ्हिदम हाऊस हे डिस्कचं जुनं दुकान २०१६ मध्ये बंद झालं तेव्हा वाटलं होतं की आता मुंबईत डिस्क हातात घेऊन निवडायचे दिवस संपले. पण चोर बाजारात मटण स्ट्रीटला (शुक्रवारी जाऊ नका, दुकानं बंद असतात), माटुंग्याच्या रद्दीवाल्यांकडे, फोर्टच्या फुटपाथवर अजून ढीग पडलेले असतात. डीव्हीडी ३० ते ५० रुपये, ब्लू-रे घासाघीस करून दीडशे-दोनशे. घेताना डबा उघडून आत तीच डिस्क आहे ना ते बघा आणि मोबाइलचा टॉर्च मागून धरा. टाचणीच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसले तर आतला ॲल्युमिनियमचा थर खराब झालाय. त्याला इलाज नाही, परत ठेवा.

तर कोणती ठेवायची आणि कोणती द्यायची? मला वाटलं, उत्तर तयार आहे. मी लेटरबॉक्सडवर पाहिलेल्या पिक्चरच्या नोंदी ठेवतो. न्यूझीलंडच्या दोघांनी २०११ मध्ये काढलेलं हे ॲप, अर्ध्या ताऱ्यापासून पाच ताऱ्यांपर्यंत देता येतात. एखादा जुना मराठी पिक्चर सापडला नाही तर टीएमडीबी या चित्रपटांच्या माहितीच्या साइटवर जाऊन आपणच माहिती भरायची, काही दिवसांत तो इकडे दिसतो. असे चार मी भरले, पोस्टरसकट, आणि त्याचा मला पिक्चर पाहिल्यापेक्षा जास्त आनंद झाला हे कबूल करतो. तर नियम ठरला की सगळ्यात कमी तारेवाला आधी बाहेर.

फेब्रुवारीत पहिल्यांदा वेळ आली. यादी लावली तर १८६ पैकी ७१ पिक्चरना साडेतीन तारे. साडेतीन म्हणजे आवडला पण मित्रांसमोर किती आवडला ते सांगायचं नाही. आमचं चौघांचं टोळकं आहे, ओळख प्रभात चित्र मंडळ या फिल्म सोसायटीच्या खेळांना झालेली. एकजण दोनच्या खाली उतरत नाही, ‘बिचाऱ्यांनी मेहनत घेतलीये’ म्हणून. दुसऱ्याने दहा वर्षांत पाच फक्त तीनदा दिलेत आणि हे तो स्वतःच सांगत असतो. असल्या लोकांच्या डोळ्यांदेखत आकडा टाकायचा म्हटलं की हात साडेतीनावर जातो. ‘अशी ही बनवाबनवी’लाही मी साडेतीन दिलेले होते. ते लेकीने ॲपवर पाहिलं आणि जेवताना सगळ्यांना वाचून दाखवलं. पुढचे दोन दिवस माझ्याशी घरात तुटक बोलणं चालू होतं.

मग दुसरी पद्धत काढली. डब्याच्या आतल्या कागदावर, पिक्चर लावला की पेन्सिलीने एक रेघ. कुणीही लावला तरी. दहा महिन्यांत बनवाबनवीवर नऊ रेघा. मी पाच तारे दिलेल्या एका जपानी पिक्चरवर शून्य. एकावर सहा रेघा आहेत आणि तो मी एकदाही शेवटपर्यंत पाहिलेला नाही. आई दुपारी लावते आणि झोपते. तिच्या मते तोच चांगला पिक्चर ज्यात मध्येच जाग आली तरी काय चाललंय ते कळतं.

रेघांनी तारे हरवले, पण रेघांचाही घोळ आहेच. जे पिक्चर मी दोन-तीन वर्षांतून एकदा, घरी कुणी नसताना बघणार, ते या हिशेबात कायम मरणार. मार्चमध्ये असा एक देऊन टाकला आणि एप्रिलमध्ये मटण स्ट्रीटला तोच ६० रुपयांना परत घेतला. माझाच होता की नाही माहीत नाही, बहुतेक नसेल. तेव्हापासून तह झालाय: वरच्या खणातले वीस माझे, त्यांना रेघांचा नियम नाही. बाकीचे एकशे तीस घराचे.

पावसाळ्याचं सांगायलाच हवं, मुंबईत राहून हा छंद करणाऱ्याला तेच आधी कळायला हवं. जुलैत फडताळ उघडलं तर ओल्या गोणपाटासारखा वास. बाथरूमच्या दारावर फडताळ करणं ही माझीच अक्कल. अकरा डिस्कवर बुरशीची पांढरी जाळी होती. कागदी पाकिटांतल्या सगळ्यात वाईट, कागद ओल धरतो. मायक्रोफायबरचं फडकं, अगदी थोडं पाणी, आणि पुसायचं ते मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ. गोल गोल फिरवलंत तर पडणारा चरा ट्रॅकच्याच दिशेने जातो आणि प्लेअर तिथेच अडकतो. नऊ वाचल्या. आता खणात सिलिका जेलच्या पुड्या आहेत, बुटांच्या खोक्यांतून जमवलेल्या, आठवड्याने उन्हात घालायच्या. ऊन पडलं तर.

त्याच आठवड्यात प्लेअरचा ट्रे उघडेना. आतला रबरी पट्टा सैल झालेला, २५० रुपयांत काम झालं. तोवर सुईने ट्रे बाहेर काढायचा उद्योग मी केला, तुम्ही करू नका.

एकूण खर्च विचाराल तर प्लेअर, रिमोट, पट्टा, फडताळाचे ७,५०० आणि डिस्कचे सुमारे ४,०००, म्हणजे पंधरा हजारांच्या थोडं वर. सगळ्यात महाग फडताळ, आणि तेच चुकीच्या जागी. जुना प्लेअर पुन्हा घेईन का? घेईन, पण मूळ रिमोट असल्याशिवाय नाही. व्हीसीडी एकही घेणार नाही.

एक प्रकरण अजून मिटलेलं नाही. नाताळात मावसभाऊ न्यू जर्सीहून आला तो माझ्यासाठी अपू त्रयीचा ब्लू-रे संच घेऊन. सत्यजित राय यांच्या या तीन चित्रपटांच्या मूळ निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनच्या लॅबमधल्या आगीत होरपळल्या. जे वाचलं ते आणि इतर प्रिंट जोडून २०१५ मध्ये ४के नूतनीकरण पुरं झालं. किती वर्षं वाट पाहिली होती. डिस्क घातली, आणि पडद्यावर पाटी: या रीजनमध्ये चालणार नाही. कुठली डिस्क जगाच्या कुठल्या भागात चालायची, त्याचे हे विभाग: अमेरिकेतली ब्लू-रे रीजन ए, आपली सी. डीव्हीडीचं रीजन बहुतेक प्लेअरमध्ये रिमोटवरून आकडे दाबून उघडता येतं, ब्लू-रेचं माझ्या प्लेअरमध्ये येत नाही. रीजन-फ्री प्लेअर घ्यायचा तर आत्तापर्यंतच्या सगळ्या खर्चाएवढे पैसे.

परवा फडताळ आवरताना बायकोने तो डबा हातात घेतला. आतला कागद पाहिला, एकही रेघ नाही. तारे किती दिलेस, विचारलं. म्हटलं, अजून पाहिलाच नाही. ‘म्हणजे रेघ नाही, तारे नाहीत आणि तीन पिक्चरची जागा,’ ती म्हणाली, आणि डबा होता तिथेच ठेवला, वरच्या खणात, डावीकडून पहिला.