एनकेएफ: जपानी फायलींचे एन्कोडिंग बदलणारा प्रोग्राम, काही महिन्यांच्या वापरानंतर

जपानी तांत्रिक मजकुराच्या अनुवादासाठी माझ्याकडे येणाऱ्या फायलींचे एन्कोडिंग, म्हणजे अक्षरे बाइटमध्ये मांडण्याची पद्धत, एकच कधीच नसते. जुन्या विंडोज संगणकांवरच्या सीएसव्ही शिफ्ट-जिसमध्ये असतात, युनिक्स सर्व्हरवरच्या नोंदी ईयूसी-जेपीमध्ये, जुने ईमेल आयएसओ-२०२२-जेपीमध्ये आणि नवे दस्तऐवज यूटीएफ-८ मध्ये. हे सगळे यूटीएफ-८ मध्ये आणण्यासाठी मी गेले काही महिने एनकेएफ, म्हणजे नेटवर्क कांजी फिल्टर, हा कमांड लाइनवर चालणारा मोफत प्रोग्राम वापरत आहे. त्याचा जन्म १९८७ साली फुजित्सूमध्ये झाला, आणि त्याच्या सवयीही त्याच काळातल्या आहेत.

मूळ काम तो चोख करतो. पहिल्या तीन एन्कोडिंगचा पाया एकच आहे: १९७८ साली प्रथम ठरलेला, ९४ ओळी आणि ९४ रकान्यांचा जिस (जपानी औद्योगिक मानक) तक्ता. फरक आहे तो अक्षराचा त्या तक्त्यातला क्रमांक बाइटमध्ये कसा मांडायचा याचा. शिफ्ट-जिसची मांडणी यांत सर्वांत अडचणीची, कारण तिच्यात अक्षराचा दुसरा बाइट साध्या इंग्रजी चिन्हांच्या जागेत येऊ शकतो. कताकाना या जपानी ध्वनिलिपीतला ‘सो’ १३१ आणि ९२ या दोन बाइटांचा असतो. ९२ म्हणजे बॅकस्लॅश (जपानी संगणकावर तेथे येनचे चिन्ह दिसते), त्यामुळे एकेक बाइट वाचणारा प्रोग्राम अर्धा ‘सो’ गिळून पुढच्या मजकुराची वाट लावतो. एनकेएफ पहिला बाइट पाहून जोडी ओळखतो, म्हणून तेथे अडखळत नाही.

एन्कोडिंग ओळखण्याच्या त्याच्या क्षमतेची मात्र वाजवीपेक्षा जास्त स्तुती होते. पानभर मजकूर असेल तर अंदाज बहुतेक वेळा बरोबर येतो. पण दोन-चार शब्दांच्या फायलीत अर्धरुंदीची (नेहमीच्या निम्म्या रुंदीची) कताकाना असेल, तर शिफ्ट-जिसमधले तिचे एकेरी बाइट जोडीने वाचल्यास ईयूसीतल्या अक्षरांसारखे दिसतात आणि अंदाज चुकू शकतो. फाईल कुठून आली हे ठाऊक असेल, तर कमांडमध्ये कॅपिटल एस हा पर्याय देऊन इनपुट शिफ्ट-जिस असल्याचे सरळ सांगावे. लहान एस आउटपुटसाठी आहे.

माझी खरी तक्रार त्याच्या न मागता केलेल्या मदतीबद्दल आहे. काहीही न सांगता चालवल्यास तो अर्धरुंदीची कताकाना पूर्णरुंदीची करून टाकतो. वाचायला ते बरे वाटते. पण जुन्या पद्धतीच्या नोंदींत प्रत्येक रकान्याची लांबी ठरलेली असते, अर्धरुंदीचे ‘का’ आणि त्याला ‘गा’ करणारे चिन्ह तेथे दोन स्वतंत्र जागा घेतात, आणि रूपांतरानंतर ती दोन्ही मिळून एकच अक्षर होते. रकाने सरकतात आणि रकमेच्या जागी नावाचा तुकडा येऊन बसतो. यावर उपाय लहान एक्स हा पर्याय. ईमेलचे संकेतबद्ध शीर्षक आपोआप उलगडले जाऊ नये यासाठी एम-शून्य द्यावे लागते. हे दोन्ही मी आता कायमचेच लावून ठेवले आहेत.

युनिकोडकडे, म्हणजे यूटीएफ-८ कडे, जाताना आणखी एक बारीक खोच आहे. कालावधी दाखवणाऱ्या नागमोडी रेघेला एक रूपांतर-तक्ता ‘वेव्ह डॅश’ ठरवतो, तर मायक्रोसॉफ्टचा तक्ता ‘फुलविड्थ टिल्ड’. डोळ्यांना दोन्ही सारखीच, पण शोध घेताना एक दिले तर दुसरी सापडत नाही. त्यामुळे एका प्रकल्पात दोन वेगवेगळी रूपांतर-साधने वापरू नयेत.

उलट दिशेने, यूटीएफ-८ मधून शिफ्ट-जिसकडे जाताना, सर्वाधिक जपावे. त्या जुन्या संचात जे अक्षर नाही ते एनकेएफ मूळ मांडणीत मुकाट्याने वगळतो. काही जपानी आडनावांतला, वर ‘माती’ असलेला ‘योशी’ हा कांजी (चित्राक्षर) त्यात जातो, आणि देवनागरी तर त्या संचात मुळीच नाही, म्हणून कंसात दिलेले मराठी नाव गळून नुसते रिकामे कंस उरतात. एफबी-एचटीएमएल हा पर्याय दिल्यास वगळलेल्या अक्षराच्या जागी त्याचा क्रमांक तरी राहतो, आणि काय हरवले ते शोधता येते.