प्रत्यक्ष गट, ऑनलाइन बॅच की रेकॉर्डेड कोर्स? ठाणे-नवी मुंबईतल्या थेरपिस्टसाठी तासांचा हिशेब

आठवड्याला अठरा-वीस सत्रं भरू लागली की खासगी प्रॅक्टिस करणारा प्रत्येक थेरपिस्ट एका ठिकाणी येऊन अडकतो. नव्या माणसाला तीन आठवडे थांबवावं लागतं, संध्याकाळी सात ते नऊच्या वेळा आधीच गेलेल्या असतात आणि घोडबंदर रोडवरून नौपाड्यात येणारे क्लायंट वाहतुकीला कंटाळून ‘ऑनलाइन करू या का’ असं विचारू लागतात. मग अनेकांना एकत्र बसवून घ्यायच्या थेरपी गटाचा विचार येतो. आठ माणसं, एक तास, आठ जणांची फी, असा कागदावर हा हिशेब फार गोड दिसतो, पण तो चुकीचा आहे. गट सुरू करण्याची भक्कम कारणं आहेत, फक्त पैसा हे त्यातलं पहिलं कारण नाही.

एकास-एक सत्राची फी १५०० रुपये धरू. सत्र ५० मिनिटांचं, नोंदी आणि निरोपानिरोपी १५ मिनिटांची. खोलीचं भाडं वजा करून तासाला साधारण १२०० रुपये हातात राहतात. हा आकडा डोक्यात ठेवा, पुढचं सगळं त्याच्याशी ताडून बघायचं आहे. तुमची फी वेगळी असेल तर आकडे बदला, पण तास तेच ठेवा.

प्रत्यक्ष गट

आठ जणांचा बंद गट, म्हणजे मधेच नवा माणूस न घेणारा. आठ आठवडे, दर सत्र दीड तास, माणशी ७०० रुपये सत्र. जमा ४४,८००. आता तास मोजा. सत्रांचे १२ तास. आधीच्या वैयक्तिक भेटी ४० मिनिटांच्या, आणि आठ जागा भरायला अकरा जणांना तरी भेटावं लागतं, म्हणून सव्वासात तास. पहिल्यांदाच करताना तयारी १२ तास. सत्र संपल्यावर सोबतच्या थेरपिस्टबरोबर बसून चर्चा आणि नोंदी ६ तास. फोन, आठवणी, फीचा पाठपुरावा ५ तास. एकूण ४२. खर्चात हॉल आठ हजार, सोबतचा थेरपिस्ट सोळा हजार, छपाई आणि चहा दोन हजार. उरले १८,८००, म्हणजे तासाला जेमतेम ४५० रुपये.

दुसऱ्या बॅचला तयारी बारा तासांवरून तीनवर येते. जागा स्वतःची असेल आणि रविवारी सकाळी ती रिकामीच पडत असेल, तर हॉलचे आठ हजार वाचतात. फी ९०० केली तर ५७,६०० जमा, १८,००० खर्च, ३९,६०० शिल्लक, ३३ तास. तासाला बरोबर १२००. म्हणजे सगळं नीट जमलं तर गट एकास-एकच्या बरोबरीला येतो, तोही दुसऱ्या बॅचला. सोबतचा थेरपिस्ट काढून टाकून हा आकडा वाढवायचा मोह होतो. तो टाळा. गटात एकजण रडत बाहेर गेला तर त्याच्यामागे कोण जाणार आणि आत बसलेल्या सात जणांकडे कोण बघणार, याचं उत्तर एकट्या माणसाकडे नसतं. प्रशिक्षण घेत असलेला, सुपरव्हिजनखालचा कनिष्ठ सहकारी कमी मानधनात चालू शकतो, पण खुर्ची रिकामी ठेवू नये.

मग गट करायचाच कशाला? कारण १५०० रुपये दर आठवड्याला न परवडणारा माणूस ९०० देऊ शकतो. कारण सामाजिक भीती, मूल गमावल्याचं दुःख, घटस्फोटानंतरची शरम, व्यसनी माणसाबरोबर राहण्याची दमणूक या गोष्टींत ‘हे माझ्या एकटीचंच नाही’ हे जे गटात घडतं, ते तुमच्या केबिनमध्ये कितीही कौशल्य असलं तरी घडवता येत नाही. आणि एकास-एक थेरपीत सहा महिन्यांपासून थबकलेला क्लायंट गटात चौथ्या आठवड्याला हलतो, हेही अनेकदा दिसतं.

ठाण्याला गट नवे नाहीत. मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० साली इथे सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्यावर काम करणारी संस्था मराठी घरांना माहीत आहे. दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभांना फी नसते. त्यामुळे ‘मन मोकळं करायला या’ एवढ्यावर फी मागता येणार नाही. गटाचा विषय बोट ठेवता येईल इतका नेमका हवा. ‘तणाव व्यवस्थापन’ असं नाव दिलं की कोणीच येत नाही, कारण ते सगळ्यांचंच असतं. ‘पहिल्या बाळंतपणानंतर पुन्हा नोकरीवर जाताना’ हे वाचून सहा बायका फोन करतात.

जागेबद्दल. दहा खुर्च्यांचं वर्तुळ मांडायला निदान १२ बाय १४ फुटांची खोली लागते. ठाण्यातली नेहमीची १० बाय १२ ची केबिन सहा जणांनाच पुरते, आणि सहात दोन गैरहजर राहिले की गट उरत नाही. कोचिंग क्लासची खोली सकाळी स्वस्त मिळते, पण तिथले बाक सरळ रांगेत आणि खिळवलेले असतात. भाडं ठरवण्याआधी शेजारच्या खोलीत एकाला बोलायला लावून भिंतीतून आवाज येतो का ते ऐका.

सगळ्यात अवघड भाग म्हणजे ओळखी. नौपाडा, घंटाळी, राम मारुती रोड हा परिसर गावासारखा आहे. आधीच्या भेटीत सोसायटी, मुलांची शाळा आणि ऑफिस या तीन गोष्टी न चुकता विचारा, आणि एकाच शाळेतले दोन पालक एका गटात घेऊ नका. गोपनीयतेचं बंधन कायद्यानं तुमच्यावर आहे. गटातल्या सदस्यांवर ते फक्त शब्दानं आणि सहीनं येतं, आणि हे त्यांना पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगायला हवं. सत्रानंतर दोघं-तिघं एकत्र ठाणे-वाशी लोकल पकडतात आणि खरा गट डब्यात भरतो. त्यावर बंदी घालून उपयोग नसतो. ‘बाहेर जे बोललात ते पुढच्या सत्रात आणायचं’ हा नियम मात्र पाळला जातो.

ऑनलाइन थेट बॅच

इथे हॉल आणि प्रवास वाचतो, खारघर, ऐरोली, कासारवडवली, अगदी नाशिक-कोल्हापूरचे लोकही एकत्र येतात आणि ओळखी निघण्याचा धोका बराच कमी होतो. गमावता काय? गटातली शांतता. खोलीत दहा सेकंदांची शांतता काम करते, स्क्रीनवर तीच ‘आवाज येतोय का?’ होऊन जाते. म्हणून ऑनलाइन गट मोकळ्या चर्चेपेक्षा कौशल्यांसाठी जास्त चांगला चालतो: झोपेच्या सवयी, चिंतेतले विचार तपासणं, राग, पालकत्व. डीबीटीची (तीव्र भावना सांभाळायला शिकवणाऱ्या थेरपीची) कौशल्यं शिकवणारे गट किंवा आठ आठवड्यांचं एमबीसीटी (सजगतेवर आधारलेली विचार-उपचारपद्धती) यांना आधीच ठरलेली रचना असते, म्हणून ती ऑनलाइन निभावते. ही नावं वापरायची तर त्याचं प्रशिक्षण मात्र खरोखर झालेलं हवं.

सदस्य सहा, वेळ ७५ मिनिटं. बहुतेक लोक मोबाईलवरूनच येतात आणि तिथे एका पानावर सगळे चेहरे मावत नाहीत. सहाच्या पुढे गेलं की बोलणाऱ्याला ऐकणारे दिसेनासे होतात. झूमच्या मोफत खात्यात मीटिंग ४० मिनिटांत तुटते, गूगल मीटवर तीन किंवा अधिक माणसं असतील तर ६० मिनिटांत. एखादी बाई पहिल्यांदाच काही सांगत असताना कॉल तुटला, तर ती पुढच्या आठवड्यात येत नाही. पैसे भरून खातं घ्या, वेटिंग रूम चालू ठेवा, रेकॉर्डिंग बंद ठेवा.

खरी अडचण घरांची आहे. वन बीएचकेमध्ये सासूबाई हॉलमध्ये, मुलं बेडरूममध्ये, आणि आपण सासूबाईंबद्दलच बोलायचं. इयरफोन सक्तीचे करा. जिना, पार्क केलेली गाडी, ऑफिसची रिकामी मीटिंग रूम हे पर्याय आधीच्या भेटीत ठरवून घ्या आणि प्रत्येकाकडून तिथूनच पाच मिनिटांचा चाचणी कॉल करून घ्या. घरी मारहाण होत असेल तर त्या व्यक्तीला ऑनलाइन गटात घेऊ नका. दाराआड कोण ऐकतंय हे तुम्हाला कधीच कळणार नाही. प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला ‘आज कुठून बोलताय’ हे खासगी चॅटमध्ये लिहून घ्या आणि एका जवळच्या माणसाचा नंबर जवळ ठेवा. संकटाच्या वेळी पत्ता शोधत बसायची वेळ येऊ नये. केंद्र सरकारच्या टेली-मानस हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक पहिल्याच ईमेलमध्ये द्या.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढू नका. त्यात सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात आणि रात्री साडेअकराला कोणीतरी तिथे कोसळतं. ब्रॉडकास्ट लिस्ट वापरा, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्यांना तो निरोप पोचत नाही, हे आधी सांगून ठेवा. पहिल्या आठवड्यातल्या निम्म्या ‘लिंकच आली नाही’चं मूळ तिथेच असतं.

पैशांकडे बघू. दुसरी बॅच, सहा जण, ८०० रुपये, आठ सत्रं: ३८,४००. सोबतचा थेरपिस्ट आणि झूम मिळून १९,००० गेले. तास साधारण ३०. तासाला ६५० रुपये. प्रत्यक्ष गटापेक्षा कमीच, कारण माणसं कमी. हा आकडा वाढतो तो एकाच संध्याकाळी लागोपाठ दोन बॅचेस घेतल्यावर किंवा कनिष्ठ सहकारी बरोबर असल्यावर.

रेकॉर्डेड कोर्स

‘झोपेत असतानाही पैसे’ या आशेनं इकडे वळणाऱ्यांनी एवढं बघावं. सहा भाग, प्रत्येकात तीन व्हिडिओ, एकेक नऊ मिनिटांचा. मराठीत सावकाश बोलताना मिनिटाला १२० शब्द होतात, म्हणजे एका व्हिडिओला सुमारे १,१०० शब्दांची संहिता. लेखन तीन तास, चित्रण एक, संकलन तीन. अठरा व्हिडिओंचे १२६ तास, सरावपत्रिकांचे वीस, पान आणि पेमेंटची जोडणी दहा. एकूण १५६. किंमत २,००० ठेवली तर तासाला १,२०० मिळायला शंभर जणांनी तरी तो घ्यायला हवा, जाहिरातीचा खर्च आणि पेमेंट गेटवेचे साधारण दोन टक्के सोडून. आठवड्याला वीस सत्रं करणाऱ्याला हे १५६ तास कुठून मिळणार? रविवारमधून. तिथेच बहुतेक कोर्स चौथ्या व्हिडिओवर थांबतात.

त्याहून महत्त्वाचं असं की तुम्ही विकत घेणाऱ्याला बघितलेलं नसतं. सातत्यानं दिसणारा अनुभव आणि संशोधन एकाच बाजूला आहे: कोणाच्या तरी मार्गदर्शनाखाली केलेले ऑनलाइन कार्यक्रम पूर्ण होतात आणि उपयोगी पडतात, एकट्यानं बघायचे अर्धवट सुटतात. म्हणून रेकॉर्डेड भाग स्वतंत्र विकण्यापेक्षा ऑनलाइन बॅचचा गृहपाठ म्हणून वापरावा. शिकवण्याची वीस मिनिटं व्हिडिओत गेली की थेट सत्रातला सगळा वेळ माणसांसाठी मोकळा होतो. चार बॅचेसमध्ये एकेक करत हे व्हिडिओ आपोआप तयार होतात.

एक कराची बाब पुष्कळांच्या लक्षात येत नाही. उपचार सेवेला जीएसटीतून सूट असली (ती तुमच्या पात्रतेवरही अवलंबून असते) तरी कोर्स ही उपचार सेवा नाही. सेवांसाठी वर्षाला २० लाखांची मर्यादा आहे आणि ती मोजताना सूट असलेलं उत्पन्नही धरलं जातं. म्हणजे प्रॅक्टिसचं उत्पन्न २० लाखांच्या आसपास असेल तर २,००० रुपयांचा कोर्स विकण्याआधी सीएला भेटा.

ऐरोली-महापेच्या कंपन्यांमधल्या आणि शाळांमधल्या कार्यशाळांबद्दल थोडक्यात: मानधन बरं मिळतं, पैसे उशिरा येतात आणि त्यातून गटाला सदस्य मिळतात. त्यांना थेरपी म्हणू नका, इतकंच.

कोणी काय निवडावं

एकास-एक सत्रं पंधराच्या खाली असतील तर यातलं काहीच नको. गट भरतो तो तुमच्याच जुन्या क्लायंटमधून आणि त्यांनी पाठवलेल्या माणसांतून. स्वतःची मोठी खोली ठाणे किंवा वाशी स्टेशनपासून चालत अंतरावर असेल तर प्रत्यक्ष गट. भाड्याची छोटी केबिन असेल, किंवा क्लायंट घोडबंदर ते पनवेल असे पसरलेले असतील, तर कौशल्यांची ऑनलाइन बॅच. रेकॉर्डेड कोर्स सर्वात शेवटी, वर सांगितलेल्या रीतीनं.

आरसीआयची (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाची) नोंदणी नसेल तर पत्रकावर ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ लिहू नका. जुन्या क्लायंटचे अभिप्राय जाहिरातीत वापरू नका. ज्याला तुमची अजून गरज आहे तो तुम्हाला मोकळेपणानं नाही म्हणू शकत नाही. अठराखालच्या मुलांच्या गटाला पालकांची लेखी संमती घ्या.

आधीची भेट कधीच गाळू नका. त्यात पीएचक्यू-९ ही नैराश्य मोजणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली भरून घ्या. एकूण २७ पैकी २० किंवा जास्त असेल, किंवा स्वतःला इजा करण्याबद्दलच्या नवव्या प्रश्नाला शून्याखेरीज काहीही उत्तर असेल, तर आधी एकास-एक आणि गरजेप्रमाणे मनोविकारतज्ज्ञ, गट नंतर. भ्रम-भास चालू असलेला किंवा पिऊन येणारा माणूस घेतला तर त्याचं आणि गटाचं, दोघांचंही नुकसान होतं.

फी एकरकमी घ्या, फार तर दोन हप्त्यांत. दर सत्राला पैसे घेतले की पाऊस पडला तरी लोक सुट्टी घेतात. म्हणूनच प्रत्यक्ष गट जून ते ऑगस्टमध्ये ठेवू नका, तेव्हा ऑनलाइन ठेवा. गणपती आणि दिवाळी आठ आठवड्यांच्या मधे येणार नाहीत असं कॅलेंडर समोर ठेवूनच बघा. संक्रांतीनंतर ते मार्चच्या मध्यापर्यंतचा काळ उत्तम, फक्त दहावी-बारावीच्या पालकांचा गट तेव्हा नको. नोकरदारांना रात्री नऊ, गृहिणींना दुपारी अडीच.

आठ जागांसाठी दहा जणांना होकार द्या, दोन पहिल्या सत्राआधी गळतातच. दुसऱ्या सत्रानंतर गट पाचच्या खाली गेला तर ओढत नेऊ नका. उरलेल्यांना खरं सांगा, राहिलेल्या सत्रांची फी परत करा किंवा पुढच्या बॅचमध्ये जागा द्या, आणि प्रत्येकाशी एक वैयक्तिक भेट घेऊनच तो गट बंद करा.