उसने दिलेले लाखो रुपये: चेकचा खटला, समरी सूट की साधा दिवाणी दावा?

समजा, फोंड्याच्या एका ओळखीच्या माणसाला तुम्ही धंद्यासाठी १२ लाख रुपये उसने दिलेत. सहा महिन्यांत परत करायची बोली होती. आधी म्हणाला चतुर्थी होऊ दे, मग शिगमो होऊ दे, आता फोनच उचलत नाही. घरचे सांगतात, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. ही म्हण पैसे बुडवणाऱ्यांच्या फार सोयीची आहे. एवढी मोठी रक्कम असेल तर पायरी चढावीच लागते. कुठली चढायची, ते मात्र नीट ठरवायला हवं.

सगळ्यात आधी तारीख बघा. दिवाणी दाव्याला मुदत आहे ३ वर्षांची. परतीची तारीख लेखी ठरली असेल तर त्या तारखेपासून, नसेल तर पैसे दिले त्या दिवसापासून. मुदत संपायच्या आत कर्जदाराने ‘इतके देणे आहे’ असं सहीनिशी लिहून दिलं, तर ३ वर्षं पुन्हा नव्याने मोजली जातात. व्हॉट्सअ‍ॅपवरचं ‘देतो रे’ पुराव्याला उपयोगी पडतं, म्हणून तो फोन जपून ठेवा. पण मुदत वाढवायला त्याच्यावर विसंबू नका, कागदावर सही घ्या.

हातात चेक असेल तर

चेक न वटल्याचा खटला निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ खाली चालतो. त्याची गणितं दिवसांची आहेत आणि ती चुकली की हातातली चांगली केस जाते. चेकवरच्या तारखेपासून ३ महिन्यांच्या आत तो बँकेत टाकायचा. परत आला की बँकेचा मेमो मिळतो, त्यावर ‘अपुरी शिल्लक’ किंवा ‘खाते बंद’ असं कारण असतं. तो मेमो हाती आल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस, नोटीस पोचल्यावर त्याला पैसे द्यायला १५ दिवस, आणि ते उलटले की पुढच्या एका महिन्यात तक्रार. नोटिशीत चेकची रक्कम स्पष्ट मागा. व्याज आणि वकिलाचा खर्च मागायचा असेल तर वेगळ्या ओळीत, त्यात मिसळून नको.

या मार्गाचं बळ असं की सही त्याची आहे हे ठरलं की चेक देणं फेडण्यासाठीच दिला होता असं कोर्ट धरून चालतं. उलटं सिद्ध करायचं काम त्याचं. ‘कोरा चेक विश्वासाने दिला होता’ हा ठरलेला बचाव असतो. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्याच एका प्रकरणात तो मानला नाही आणि आरोपीला सोडणारा मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचा निकाल फिरवला. त्याच निकालात आणखी एक गोष्ट साफ झाली: २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने उसनी घेणं आयकर कायद्याला चालत नाही, त्याचा दंड घेणाऱ्याला होतो, पण तेवढ्याने कर्ज बेकायदा ठरत नाही. रोख दिले म्हणून हात झाडून बसलेल्यांनी हे वाचावं. मात्र एवढी रोकड तुमच्याकडे आली कुठून, हे उलटतपासात विचारतातच. बँकेतून काढल्याची नोंद शोधून ठेवा.

शिक्षा २ वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आरोपीने गुन्हा नाकारला की कोर्ट त्याला चेकच्या २० टक्क्यांपर्यंत रक्कम तात्पुरती भरपाई म्हणून द्यायला लावू शकतं. १२ लाखांवर ते २ लाख ४० हजार होतात. तो अर्ज वकिलाला आठवणीने करायला सांगा. शिवाय खटला तुमचं खातं ज्या शाखेत आहे तिथल्या कोर्टात चालतो. माणूस वास्कोचा असला तरी तुमचं खातं म्हापशाला असेल तर तुम्हाला म्हापसा सोडावं लागत नाही.

एक खड्डा इथे हमखास लागतो. १२ लाखांचा चेक तुमच्याकडे आहे, मधल्या काळात त्याने ३ लाख परत केले, आणि तुम्ही तोच चेक तसाच बँकेत टाकला, तर खटला पडू शकतो. मिळालेली रक्कम चेकवर नोंदवून बाकीचीच मागायची किंवा ९ लाखांचा नवा चेक घ्यायचा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं आहे.

चेक नाही किंवा चेकची वेळ गेली

मग दिवाणी कोर्ट. तिथे दोन दारं आहेत. समरी सूट, म्हणजे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ३७ खालचा दावा, चेक, प्रॉमिसरी नोट (पैसे परत करीन असं सहीनिशी दिलेलं लेखी वचन) किंवा ठराविक रकमेच्या लेखी करारावरच करता येतो. समन्स मिळाल्यावर प्रतिवादीने १० दिवसांत हजेरी लावायची, आणि पुढे बचाव करायची परवानगी मागायची. बचावात दम नसेल तर साक्षीपुराव्याशिवाय डिक्री, म्हणजे पैसे द्या असा कोर्टाचा हुकूम, मिळते. शंकास्पद असेल तर कोर्ट त्याला रक्कम भरायची अट घालू शकतं. परवानगी मिळाली की मात्र हा दावा साध्या दाव्याच्या चालीने चालतो. प्रॉमिसरी नोटवर सही रेव्हेन्यू स्टॅम्पवर आहे ना, ते आधी तपासा. स्टॅम्प नसलेली नोट पुराव्यात घेतली जात नाही आणि नंतर दंड भरूनही ती दुरुस्त होत नाही.

तोंडी बोली, बँक ट्रान्सफर आणि मेसेज एवढंच असेल तर साधा दावा. तो लांबतो, त्याबद्दल गोड बोलण्यात अर्थ नाही. मोबाइलमधल्या मेसेजना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं. चेकच्या खटल्यापेक्षा दिवाणी दाव्याची कोर्ट फीही मोठी, रकमेबरोबर वाढणारी. व्याज लेखी ठरलेलं नसेल तर निदान मागणीच्या नोटिशीत व्याज मागून ठेवा, त्या तारखेपासून ते मिळू शकतं.

चेकचा खटला आणि दिवाणी दावा दोन्ही एकाच वेळी चालवता येतात. माझं ठाम मत, रक्कम मोठी असेल तर दोन्ही करावेत. फौजदारी खटला चालू आहे म्हणून दिवाणी मुदत थांबत नाही. तिकडच्या तारखा करता करता इकडची ३ वर्षं निघून जातात, आणि आरोपी सुटला तर हातात काहीच उरत नाही.

पोलिसांत फसवणुकीची तक्रार करण्याचा सल्ला कोणीतरी देईलच. पैसे घेतानाच बुडवायचा हेतू होता असं दाखवता येत असेल, खोटी कागदपत्रं दिली असतील, तरच तो घ्या. नुसतं न फेडणं म्हणजे फसवणूक नव्हे.

डिक्रीनंतर पैसे येणार कुठून?

खरं तर हा प्रश्न दाव्याच्या आधी विचारायचा. डिक्री म्हणजे पैसे नव्हेत. त्यासाठी दरखास्त, म्हणजे डिक्रीच्या अंमलबजावणीचा अर्ज, करावी लागते, आणि देशभरात ८ लाखांहून जास्त दरखास्ती पडून असल्याचं सर्वोच्च न्यायालयासमोर २०२५ मध्ये आलं. पगाराचा फक्त काही भाग जप्त होतो, भविष्य निर्वाह निधीला हात लावता येत नाही, आणि ऐपत नसलेल्या माणसाला नुसतं कर्ज थकलं म्हणून दिवाणी कैदेत टाकता येत नाही. राहते ती जमीन, घर, फ्लॅट, बँकेतल्या ठेवी.

गोव्यात घराची गोष्ट बाकी देशापेक्षा वेगळी आहे. इथे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेचा विवाहविषयक भाग अजून लागू आहे, आणि लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवराबायकोची मालमत्ता सामाईक, दोघांची अर्धी-अर्धी. एकट्या नवऱ्यावर डिक्री घेऊन घर जप्त करायला गेलात तर बायको आपल्या अर्ध्या हिश्शासाठी हरकत घेणार, आणि ती रास्तच असते. पैसे घरासाठी किंवा दोघांच्या धंद्यासाठी वापरले असतील तर तसं दाव्यात मांडा आणि दोघांनाही प्रतिवादी करण्याबद्दल वकिलाशी सुरुवातीलाच बोला.

दुसरी अडचण जुन्या घरांची. कर्जदार ‘आमचं घर’ म्हणून दाखवतो, तुम्ही त्या सर्व्हे नंबरचा फॉर्म १ व १४, म्हणजे जमिनीच्या नोंदीचा उतारा, काढता, तर त्यावर आजोबांचं नाव. आजोबा जाऊन कितीतरी वर्षं झाली, इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांतली कायदेशीर वाटणी, झालेलीच नाही, आणि वारसांतले दोघं पोर्तुगालला. म्हणजे तुमच्या कर्जदाराचा त्यात एक अविभक्त हिस्सा, तोही किती ते ठरायचं आहे. फॉर्म १ व १४, सब-रजिस्ट्रारकडचं निल एनकम्ब्रन्स सर्टिफिकेट (मालमत्तेवर बोजा नसल्याचा दाखला) आणि आधीच्या बँक कर्जाचा बोजा, एवढं दाव्याआधी बघून घ्या. माणूस दावा बुडवण्यासाठी फ्लॅट विकायला निघाला आहे याचा पुरावा असेल तर निकालाआधी जप्ती मागता येते, पण नुसत्या भीतीवर कोर्ट ती देत नाही.

मालमत्ता स्वच्छ आणि त्याच्या नावावर असेल तर दिवाणी दाव्याचा खर्च वसूल होतो. नावावर काही नसेल, पण नोकरी-धंद्यात पत सांभाळायची असेल, तर चेकचा खटला त्याला लवकर बोलणीच्या टेबलावर आणतो. सप्टेंबर २०२५ च्या त्याच निकालातल्या नव्या नियमांनुसार आरोपीचा बचावाचा पुरावा सुरू होण्याआधी तडजोड केली तर त्याला जादा खर्च नाही; पुढे चेकच्या रकमेच्या ५ टक्के, वरच्या कोर्टांत त्याहून जास्त.

तडजोड होणार असेल तर ती लोकअदालतीत नोंदवा. खटला दाखल नसला तरी तालुका विधी सेवा समितीकडे जाता येतं, फी लागत नाही, आणि तिथला निवाडा दिवाणी डिक्रीसारखा वसूल करता येतो, त्यावर अपील नाही. दावा आधी दाखल असेल तर कोर्ट फीही परत मिळते. हप्ते ठरवताना ‘एक हप्ता चुकला तर उरलेली सगळी रक्कम व्याजासह एकदम’ हे वाक्य निवाड्यात आलंच पाहिजे. ते नसेल तर प्रत्येक हप्त्यामागे धावावं लागतं.

आज काहीच हाती लागत नसलं तरी डिक्रीची अंमलबजावणी १२ वर्षं मागता येते. तेवढ्यात आजोबांच्या नावाच्या घराची इन्व्हेंटरी उघडली, तर कर्जदाराच्या वाट्याला येणाऱ्या हिश्शावर जप्ती मागायला तुमच्याकडे कागद असेल.