नागपूरच्या कपाटात टिकलेली समुद्राची रील : सारागोसा १०००० पीजी, १४ महिने वापरल्यावर

शिमानो कंपनीची ही मासे धरायची रील घेऊन आता १४ महिने होत आले. त्यात तीनदा अंदमानला नेली, सगळे मिळून १३ दिवस बोटीवर चालली, आणि बाकीचा सगळा वेळ माझ्या घरी नागपुरात पडून होती. टिकाऊ रील कोणती असं विचारलं की सगळे त्या बोटीवरच्या दिवसांचंच बोलतात, ड्रॅग (मासा ओढायला लागला की लाईन, म्हणजे दोरी, ताणात सोडणारा ब्रेक) किती, मासा किती किलोचा वगैरे, पण आपल्यासारख्या समुद्रापासून दूरच्या माणसाची रील खराब होते ती घरी, म्हणून मी इथे घरातल्या दिवसांबद्दलच जास्त लिहून राहिलो.

हे मला कळलं आधीच्या रीलमुळे. ब्रँडचं नाव घेत नाही, कारण निम्मी चूक माझी होती. मार्चमध्ये ट्रिपवरून आलो, बाथरूममध्ये नळाखाली दोन मिनिटं धरली, फडक्याने पुसली आणि माळ्यावर ठेवून दिली. मे महिन्यात सहज काढून फिरवली तर एकदम छान फिरत होती, म्हटलं झालं, मीठ निघालं सगळं. मग तान्ह्या पोळ्याच्या सुटीत परत काढली तर हँडल अर्ध्या फेरीतच अडकलं, लाईन रोलर (लाईन ज्याच्यावरून वळते ते छोटं चाक) जाम, स्पूलच्या, म्हणजे लाईन गुंडाळायच्या चकरीच्या, काठाखाली पांढरी भुकटी, आणि बॉडीच्या स्क्रूभोवती रंग फुगून आलेला. सर्व्हिसला पाठवली, दोन महिने तिकडेच राहिली, आणि आली ती पार्ट मिळत नाही असं लिहून.

मे मध्ये चांगली आणि ऑगस्टमध्ये जाम, असं काहून झालं याच्यावर मी बराच विचार केला आणि उत्तर स्वयंपाकघरात सापडलं. पावसाळ्यात मिठाची बरणी पाझरते नं, तेच. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच ओलं होतं, त्याच्या खाली असेल तर कोरडं पडून राहतं. नागपूरचा मे म्हणजे भट्टी, २०१३ च्या २३ मेला तर इथे ४७.९ डिग्री नोंदलं गेलंय, त्या कोरड्या हवेत रीलच्या आत राहिलेलं मीठ नुसतं खडा होऊन बसतं, काहीच करत नाही, तुम्हाला वाटतं सगळं ठीक आहे. जुलै लागला की तोच खडा ओला होतो, म्हणजे रीलच्या आत समुद्राचंच पाणी तयार झालं, आणि ॲल्युमिनियमच्या बॉडीत स्टीलचा स्क्रू असेल तर दोन वेगळे धातू आणि मधे खारं पाणी, ॲल्युमिनियम खाल्लं जातं. ती पांढरी भुकटी त्याचीच. किनाऱ्यावरचा माणूस रील दर आठवड्याला वापरतो, धुतो, त्याला गडबड लगेच कळते. आपल्याला पाच महिन्यांनी कळते.

म्हणून दुसरी रील घेताना मी कमाल ड्रॅगचा आकडा बघणं सोडून दिलं आणि दोनच गोष्टी धरल्या, मीठ आत जायला किती अडथळा आहे आणि मला स्वतःला ती घरी उघडता येते का. पेन स्लॅमर ४ वर मन खूप होतं, पूर्ण धातूची बॉडी आणि आयपीएक्स-६ सील, म्हणजे जोरात पाण्याचा फवारा मारला तरी आत जात नाही, पण एक लक्षात ठेवा की आयपीएक्स-६ म्हणजे पाण्यात बुडवायची परवानगी नाही, त्यासाठी ७ लागतो. मागे हटलो ते वजनामुळे, मला पाहिजे त्या साईजमध्ये ती बरीच जड जाते आणि दिवसभर उभं राहून १५०-२०० ग्रॅमचा जिग (धातूचा खोटा मासा) वर-खाली करायचा तर माझं मनगट मला माहीत आहे. दाईवाच्या सल्टिगात मॅगसील असतं, चुंबकाने धरून ठेवलेलं तेल, त्या तेलाची भिंतच पाणी अडवते, डोकं फार भारी लावलंय त्यात, पण तिथे स्वतः हात घालायचा नसतो, दुसरं तेल लागलं की ते बिघडतं, आणि माझी तर पहिली अटच घरी उघडता येण्याची होती. शिवाय सल्टिगा आणि शिमानोची स्टेला एसडब्ल्यू या दोन्हींच्या किमती माझ्या आवाक्याबाहेर. तर शिमानो सारागोसा एसडब्ल्यू, २०२० चं मॉडेल, १०००० साईज, पीजी, म्हणजे लो गियरची. वजन सातशे ग्रॅमच्या आसपास, धातूची बॉडी, कार्बनचा ड्रॅग, रोलर क्लच (हँडल उलटं फिरू न देणारा भाग) आणि लाईन रोलरपाशी पाणी अडवायची सोय आहे, आणि साधे पाने-स्क्रूड्रायव्हर घेऊन जेवणाच्या टेबलावर उघडता येते.

ड्रॅग सेट करायची माझी पद्धत सांगतो कारण इथे समुद्र नाही तर करायचं काय हा प्रश्न सगळ्यांनाच येतो. लाईन आहे पीई ४ जाडीची ब्रेड, म्हणजे विणलेली दोरी, ३०० मीटर, ती साधारण २७ किलोला तुटते, ड्रॅग तिच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत ठेवायचा म्हणजे ८ किलो धरला. आमची बिल्डिंग तीन मजली आहे. बादलीत ८ लिटर पाणी घेतलं, लाईन बांधली आणि वरच्या मजल्यावरून जिन्याच्या मधल्या मोकळ्या जागेत सोडली. (बादलीचं स्वतःचं वजन धरून पाणी थोडं कमी घ्या.) ड्रॅग हळूहळू सैल करत गेलो, एका जागी बादली स्वतःहून खाली सरकायला लागली, तोच ८ किलो. यात अजून एक दिसतं ते दुकानात कधीच कळत नाही, बादली धक्के खात उतरते की तेल लावल्यासारखी सरसर उतरते. माझी सरसर उतरली. नॉबच्या त्या जागेवर परमनंट मार्करने खूण करून ठेवली. आई खालच्या मजल्यावर उभी राहून बादली पाहत होती आणि तीनदा विचारलं की पाणी सांडवणार तर नाहीस, नाही सांडलं.

आता बोटीवरचं. पहिल्या ट्रिपला स्वराज द्वीपहून, म्हणजे आधीचं हॅवलॉक, बाहेर खोल रीफवर गेलो, ७० मीटरच्या आसपास. पहिल्या दोन दिवसांत ट्रेव्हाली वगैरे मिळाले, रीलला त्यांचं काहीच वाटलं नाही. तिसऱ्या दिवशी जिग तळाला टेकून वर निघाला, अर्ध्यात आला आणि रॉड खाली गेली ती गेलीच. यलोफिन, कोकणात ज्या जातीला कुपा म्हणतात त्यातलाच. पहिल्या धावेत अंदाजे १०० मीटर लाईन गेली असेल. ट्यूना थांबत नाही कारण त्याला थांबताच येत नाही, कल्ल्यांमधून पाणी जात राहायला त्याला सतत पोहावंच लागतं, आणि त्याचं अंग आजूबाजूच्या पाण्यापेक्षा गरम असतं म्हणून स्नायू जोरात चालतात. या लांब धावेत ड्रॅगच्या चकत्या तापतात, आणि जुन्या रीलमध्ये मी बघितलं होतं की तापल्यावर ड्रॅग मधेच आवळायचा, मधेच सुटायचा, त्याच झटक्यात एक मासा गेला होता. इथे पहिल्या मीटरला जो ताण होता तोच शेवटच्या मीटरला होता, मी नॉबला हातही लावला नाही. मग तो बोटीखाली गोल गोल फिरायला लागला, ट्यूना शेवटी हे करतोच, त्यात प्रत्येक चकरेत तो जेव्हा आपल्याकडे वळतो तेवढ्यात दोन-तीन फेऱ्या गुंडाळायच्या, परत बाहेर गेला की नुसतं धरून ठेवायचं. इथे पीजी म्हणजे लो गियर कामाला आला, ४.९ चा रेशो आहे, म्हणजे हँडलच्या एका फेरीला लाईनचे ४.९ वेढे बसतात, ताणाखालीसुद्धा हँडल फिरत होतं. ३५ मिनिटांनी वर आला, बोटवाल्यांनी २० किलोच्या वर धरला, वजनकाट्यावर नाही घेतला, पाण्यातच हुक काढून सोडून दिला.

पण गियरबद्दल एक खरं सांगतो. दुसऱ्या ट्रिपला एक मासा जिग घेऊन सरळ वर, बोटीकडे पळत आला, आणि पीजीत एका फेरीला साधारण मीटरभरच लाईन येते, मी वेड्यासारखा फिरवत होतो तरी लाईन सैल पडली आणि हुक सुटला. ६.२ रेशोची, म्हणजे जास्त वेगाच्या गियरची १४००० एक्सजी असती तर एका फेरीला सव्वा मीटरच्या वर येते, कदाचित राहिला असता. नुसतं खोल पाण्यात जिगिंग करणार असाल तर पीजी घ्या, वरच्या पाण्यात उसळणाऱ्या ट्यूनावर पॉपर (पाण्याच्या वर ओढायचं खोटं आमिष) फेकायचाही विचार असेल तर एक्सजीचा विचार करा. मला दोन्ही करायचं होतं आणि मी त्यातलं एकच धरून घेतली, हे घ्यायच्या आधी नीट बसून ठरवायला पाहिजे होतं.

धुण्याची पद्धत आता अशी. बोटीवरून उतरल्यावर त्याच संध्याकाळी, नागपूरला येईपर्यंत थांबायचं नाही, कारण विमान बदलत घरी पोचायला एक अख्खा दिवस जातो. ड्रॅग पूर्ण आवळायचा म्हणजे चकत्यांत पाणी जात नाही, वरून हलका शॉवर द्यायचा, हँडल फिरवत राहायचं. प्रेशरचं पाणी अजिबात नाही, ते मिठाला सीलच्या आत ढकलतं, आणि बादलीत बुडवून तर कधीच ठेवायची नाही. घरी आल्यावर स्पूल काढून एकटा कोमट पाण्यात अर्धा तास, कारण ब्रेडच्या खालच्या थरात समुद्र बसलेला असतो, माझ्या जुन्या स्पूलचा काठ त्यानेच खाल्ला होता. इथे पाणी कोणतं तेही बघा, आमच्याकडे नळाला पेंचचं येतं ते चालतं, पण उन्हाळ्यात पाणी कमी आलं की बोअरचं चढवतात आणि त्याचे पांढरे डाग राहतात, तेव्हा मी फिल्टरचं वापरतो. मग सावलीत, पंख्याखाली वाळवायची, आपलं ऊन द्यायचंच नाही. वाळल्यावर ड्रॅग पूर्ण सैल करायचा नाहीतर चकत्या दाबून चिकटतात. लाईन रोलर आणि हँडल नॉबला एक-एक थेंब पातळ तेल, हाच रोलर सगळ्यात आधी जातो, कोणत्याही रीलचा, कारण खारी लाईन त्याच्यावरूनच धावते. आणि अँटी-रिव्हर्सच्या रोलर क्लचमध्ये जाड ग्रीस भरू नका बाप्पा, ते रोलर ग्रीसमध्ये अडकले की हँडल उलटं फिरतं आणि मासा लागलेला असताना बोटांवर बसतं, मी जुन्या रीलवर हे स्वतः करून ठेवलं होतं.

आता कूलरचं. नागपुरात एप्रिल ते जून खोलीत कूलर चालू असतो आणि कूलर म्हणजे हवेत पाणीच टाकणं झालं, बाहेर हवा कोरडी असली तरी कूलरच्या खोलीतलं कपाट दमट राहतं. मी आधी विचारच केला नव्हता याचा. आता रील झाकणाच्या घट्ट प्लास्टिक डब्यात, सिलिका जेलच्या मोठ्या पुड्यांसोबत, कूलर नसलेल्या खोलीत. माळ्यावर नाही आणि कारच्या डिक्कीत तर नाहीच, तिथल्या उन्हाळ्यात ग्रीसमधलं तेल सुटून खाली गोळा होतं आणि गियर कोरडे राहतात. महिन्यातून एकदा, पगाराच्या तारखेला, डबा उघडून हँडलच्या ५० फेऱ्या मारतो आणि पुड्यांचा रंग बघतो, ओल धरली की तो बदलतो.

पावसाळा संपल्यावर, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, पूर्ण उघडली. मनात धाकधूक होती, खरं सांगतो. साइड प्लेट काढली तर गियरवरचं ग्रीस होतं तसंच, बॉडीच्या आत भुकटी नाही, स्क्रू सहज निघाले. लाईन रोलरचं बेअरिंग बोटावर फिरवलं तर अगदी थोडं खरखरीत लागलं, लायटरच्या पेट्रोलमध्ये धुतलं, वाळवलं, तेल घातलं, परत आधीसारखं. ड्रॅगच्या चकत्या पुसून ड्रॅग ग्रीसचा पातळ हात दिला. अडीच तास लागले, सगळे पार्ट काढताना मोबाईलवर फोटो काढत गेलो म्हणून परत बसवता आले, ते नक्की करा, स्प्रिंग कुठल्या तोंडाने बसते हे अर्ध्या तासात विसरायला होतं.

डिसेंबरच्या ट्रिपला हीच रील परत चार दिवस चालली. एक डॉगटूथ ट्यूना लागला होता, तो लागल्याबरोबर खाली कड्याकडे गेला आणि लीडर (लाईनच्या टोकाला बांधलेली जाड दोरी) प्रवाळावर घासून तुटला, त्यात रीलचं काही नाही, मी खुणेपेक्षा थोडा ड्रॅग वाढवायला पाहिजे होता तो वाढवला नाही. बाकी दोन यलोफिन वर आले. येताना स्पूलच्या काठाला बोटीच्या रेलिंगवर एक बारीक ओरखडा पडलाय, तिथला रंग गेला म्हणून नेलपॉलिशचा थर देऊन ठेवलाय आणि येत्या जुलैत तिथे पांढरं येतं का ते बघणार आहे. लाईन रोलरचं एक जास्तीचं बेअरिंग आत्ताच मागवून डब्यात टाकलं.